लव्हाळ्याच्या गाठी

"ठेव ती सुई," कुसाबाई म्हणाल्या. "आजपासून तू नुसतं बसायचं. हार मी ओवते."

उज्वलाने मान वर केली. पडवीत गोणपाटावर शेवंतीचा ढीग पडला होता. संध्याकाळी देवळात सोमनाथ महाराजांचं कीर्तन होतं, आणि मखमलाबादला कीर्तन म्हटलं की बुवांच्या गळ्यातला हार याच घरातून जायचा. सासरे होते तेव्हापासून.

"का हो आत्या? काय झालं?"

"मलाच इचारते!" सासूबाई हसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला काय कळत नाय व्हय? दिवाळी होऊन गेली, पण तू या गोणपाटावरनं एक दिवस उठली नाहीस."

उज्वलाच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

घरची रीत जुनी होती. अडचणीच्या दिवसांत बाईने फुलाला हात लावायचा नाही. गणेशवाडीच्या बाजारात विकलेलं फूल कोणत्या देवाच्या पायावर पडेल, काय सांगावं? लग्न झाल्यापासून उज्वलाचा अर्धा महिना गोणपाटापासून लांबच जायचा. पाळी यायची तेव्हा यायची, जायची तेव्हा जायची. दुखायला लागलं की ती मागच्या दारी हौदाची कड धरून उकिडवी बसायची आणि दात आवळून टाळाच्या ठेक्यावर श्वास घ्यायची. दोनदा पोट उघडून झालं होतं. दोन्ही वेळा सगळं साफ केलं म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वेळा दुखणं वर्षाच्या आत हौदापाशी येऊन उभं राहिलं.

दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी गोळी चालू केली आणि पाळीच थांबली. घरी तिने एवढंच सांगितलं होतं, पोटदुखीची गोळी आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण कुसाबाईंनी गोळी पाहिली नव्हती. त्यांनी गोणपाट पाहिला होता.

"महाराजांच्या कानावर घातलंय," त्या सांगत होत्या. "कीर्तन झालं की देवापुढं तुझी ओटी भरायची. नारळ आणलाय, खण आणलाय. त्या भागुबाईलाबी मुद्दाम सांगितलं. वांझेच्या हातचा हार म्हणायची ना? बस म्हणावं आता म्होरं, अन् बघ."

आत्ताच सांगून टाकावं, असं उज्वलाच्या मनात आलं. पण सासूचा चेहरा असा उजळलेला तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"आत्या, आज मला द्वारका चौकात जायचंय. डॉक्टरकडे."

"जा की! माझा वाल्मीक सोडील."

"ते अंबडला कंपनीत गेले, सकाळची पाळी आहे त्यांची. मी रिक्षाने जाते."

"बरं. पण रिक्षावाल्याला सांग, सावकाश घे म्हणावं. खड्डे लय हायेत."

डॉक्टर मंजुषाबाईंनी पोट दाबून पाहिलं, मग हात धुऊन समोर बसल्या. "दुखणं कमी आहे ना? गोळी चालू ठेवू. मधूनच थोडा डाग दिसेल, घाबरायचं नाही."

"मॅडम, दोनदा काढलं तरी ते परत येतंच कसं?"

बाईंनी चष्मा काढला. बाहेर गर्दी होती, तरी त्यांनी घाई केली नाही. "गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते गळून जातं. पण त्याच्या तळाशी काही पेशी शिल्लक राहतात, त्यांना मूळपेशी म्हणतात. तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्या माणसांच्या अंगातही त्या असतात. पुढच्या महिन्याचं अस्तर त्याच नव्याने उभं करतात. आता संशोधकांना असं वाटतंय, की काहींच्या बाबतीत या पेशी पाळीच्या रक्ताबरोबर उलट्या पोटात जातात आणि तिथे रुजतात. आम्ही वरचं काढतो. त्यातली एखादी मागे राहिली, तर ती पुन्हा पसरते. हे अजून पक्कं ठरलेलं नाही हं. अभ्यास चालू आहे."

"मग गोळीने त्या मरतात?"

"नाही. निजून राहतात."

उज्वला पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "ते अस्तर कशासाठी असतं, मॅडम?"

"बाळासाठी. त्याचं अंथरूणच म्हणा ना."

"म्हणजे अंथरूण घालणाऱ्या त्याच, आणि दुखणं पेरणाऱ्याही त्याच." बाईंनी मान डोलावली.

"मूल हवं असेल तर गोळी थांबवून प्रयत्न करता येईल," चष्मा परत लावत त्या म्हणाल्या. "दुखणं परत येईल. यश येईल असा शब्द मी देऊ शकत नाही. तुम्ही ठरवा. घरच्यांनी नाही, तुम्ही."

ती परतली तेव्हा कुसाबाई शेवंतीच्या वाफ्यातलं लव्हाळ्याचं तण उपटत होत्या. उज्वला बांधावर बसली.

"आत्या, मला दिवस गेलेले नाहीत. गोळीने पाळी थांबलीय."

कुसाबाईंचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा जोरात.

"तोंड शिवलं होतं का तुझं? गावभर सांगून बसले मी!"

"तुम्ही असं काही धराल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"दोनदा कापलं, तवा समदं काढलं म्हणाले होते ना?"

उज्वला वाकली. सासूने टाकलेल्या लव्हाळ्याचं एक रोप तिने उचललं. पान हातात आलं होतं, गाठ मातीतच राहिली होती. "हे बघा. वरचं निघतं. माझ्या पोटात हेच झालंय. गाठी राहतात."

कुसाबाईंनी ते रोप हातात घेऊन न्याहाळलं. सगळा जन्म लव्हाळा उपटण्यात गेला होता त्यांचा. पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

"अन् गोळी सोडली तर?"

"परत तो हौद. मूल होईल न होईल, कुणालाच ठाऊक नाही."

"वाल्मीक काय म्हणतो?"

"ते म्हणतात, तुझ्या जिवापुढं काही नको."

"अन् तू?"

उज्वलाने तोंड उघडलं. नेहमीचं 'देवाची मर्जी' यावं तिथे दुसरंच आलं. "मी दमले हो आत्या."

हातातली माती झटकून कुसाबाई घराकडे गेल्या.

दुपार कलली तरी हार तसाच होता. उज्वला मुकाट्याने गोणपाटावर बसली आणि ओवू लागली. निम्मा हार झाला असेल, तेव्हा ओटीपोटात ओळखीची कळ आली. ती आत जाऊन पाहून आली. डाग होता. पडवीच्या उंबऱ्याशीच ती थांबली, हात मागे बांधून, नेहमीसारखी.

"आत्या, पुढचा तुम्ही ओवा. मी लांब बसते."

कुसाबाई वाती वळत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग अर्ध्या हाराकडे.

"बस," त्या म्हणाल्या.

"आत्या, डाग..."

"ऐकू आलं मला. बस म्हणते ना! इतक्या वर्साची फुलं देवानं घेतली, आज काय परत धाडतोय?"

त्यांनी दुसरी सुई घेतली, दोऱ्याचं मोकळं टोक आपल्याकडे ओढलं आणि त्या बाजूने फुलं भरायला लागल्या. वयामुळे त्यांची ओवण सैल पडायची. दोघी दोन टोकांकडून मध्याकडे आल्या. मध्ये गाठ उज्वलाने मारली.

संध्याकाळी देऊळ भरलं. मृदंगावर थाप पडली, टाळ वाजू लागले. कुसाबाई ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नारळ आतच होता. भागुबाई मागून पुढे वाकली.

"ओटी कधी भरायची गं कुसा?"

"कीर्तनात बोलू नये. टाळ्या वाजीव."

उज्वला त्यांच्या शेजारीच बसली होती. पोटात बारीक दुखत होतं. टाळी वाजवताना कुसाबाईंचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता, आणि त्या तो बाजूला घेत नव्हत्या.

समोर महाराज रंगात आले होते. गळ्यातला हार एका अंगाला गच्च आणि जड होता, दुसऱ्या अंगाला सैल, म्हणून गच्च बाजूला घसरत होता. महाराजांनी गाता गाता तो नीट केला. एक पाऊल पुढे टाकलं, तसा तो पुन्हा त्याच बाजूला आला.