पाखरांचा ताप

हरणाबाईंनी पेजेचा चमचा नवऱ्याच्या तोंडाशी नेला, तेवढ्यात डॉक्टर मिस्बाह पुन्हा खाटेपाशी आल्या.

"काका, परत विचारते. घरात पक्षी आहेत का? पोपट, कबुतरं?"

"न्हाईत," लालासाहेब म्हणाले आणि खोकत राहिले.

चमचा मधेच थांबला. फौजेतून परत आल्यावर लालासाहेबांनी इस्लामपूरजवळ आपल्या उसाच्या कडेला जाळीचं मोठं पाखरघर उभारलं होतं. सुट्टीला लोक गाड्या करून येत. मुलांच्या तळहातावर राळ्याचे दाणे ठेवून लालासाहेब शीळ घालत आणि रंगीत पोपट येऊन बसत. हरणाबाई तिकडे फिरकताना कुणाला दिसत नसत. लय ताप हाय त्या पाखरांचा, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आता मिरजेच्या दवाखान्यात लालासाहेबांचा ताप काही केल्या उतरत नव्हता. चारचौघांत हरणाबाईंनी नवऱ्याचा शब्द कधी खोडला नव्हता. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"हायती, डॉक्टरीणबाई. जाळी भरून हायती. त्यातली काय मेलीबी."

लालासाहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आजारी पाखरांची विष्ठा वाळते, तिची धूळ श्वासातून आत जाते आणि असा ताप येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. औषध बदललं. ताप उतरू लागला, पण लालासाहेब बायकोशी बोलेनात. मोसंबीची फोड त्या हातावर ठेवत. ते न बघता खात.

शेवटी तेच म्हणाले, "बर्ड फ्लूत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या, टीव्हीवर बघितलंस न्हवं? आता आपलीबी पुरतील."

"आवं, आन ती शाळंची पोरं? त्यांच्या हातावर तुमीच बसवलीसा न्हवं?"

लालासाहेब उशीला टेकून उठून बसले. मग फोनसाठी हात पुढे केला. सहल घेऊन आलेल्या पल्लवी मॅडम सांगलीच्या शाळेत होत्या.

"म्याडम, पाखरघरातनं लालासाहेब बोलतोय. पोरांत कुणाला ताप हाय का?" एका मुलीला ताप होता आणि औषधाने उतरत नव्हता, असं मॅडमनी सांगितलं. हरणाबाईंनी नवऱ्याचं कोपर धरलं. "तिच्या डॉक्टरास्नी सांगा, पाखरं हाताळली हुती म्हणून. व्हय, माझीच. आजारी हुती, मला ठावं हुतं."

मुलीला वेळेत योग्य औषध मिळालं. ती आता बरी आहे, हे डॉक्टर मिस्बाहच सांगत आल्या.

"आणि तुमच्या पक्ष्यांना कुणी मारणार नाही, काका. पाखरघर काही दिवस बंद ठेवायचं. जनावरांचे डॉक्टर पाण्यातून औषध देतील."

"पाण्यातनं?" हरणाबाई पुढे झाल्या. "ती पंखानं अधू पिवळी हाय न्हवं, ती भांड्यातलं पीत न्हाई. माझ्या ओंजळीतनंच पिती. हातमोजं घातलं तर चालंल का?"

लालासाहेबांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"मावशी, मग आधी तुम्हालाच तपासते," डॉक्टर म्हणाल्या. "बसा इथे."

हरणाबाई स्टूल शोधू लागल्या. लालासाहेब कष्टाने भिंतीकडे सरकले आणि त्यांनी खाटेवर तिच्यापुरती जागा केली.