तेपाएरूने निवडलेले चपटे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझ्या काचेवर ओरखडे आहेत, पट्टा एकदा बदललेला आहे, आणि तरीही मी आजवर कुणाला वेळेबाबत फसवलेले नाही. ही बढाई वाटली तर वाटू द्या. जन्मभर लोकांनी मला "हे एवढंसंच?" असे विचारले आहे, तेव्हा थोडी मिजास माझ्या हक्काची आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात दाबून धरले, फरशीवर आपटले, तापवले, गारठवले. एवढे सोसून मी रारोटोंगा बेटावर, आवारुआ गावातल्या एका दुकानाच्या काउंटरवर येऊन पडलो. शेजारी बशीएवढी जाडजूड घड्याळे झगमगत होती. गिऱ्हाईक आले की आधी त्यांनाच उचलायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे मनाशी म्हणत मी टिकटिकत राहायचो.

एके दिवशी तेपाएरू आली. तितिकावेका गावची, चाळिशीतली, रुंद खांद्यांची बाई. नखांत अळूच्या खाचरातला चिखल होता. तिने मला मनगटावर बांधले आणि हात मागे वाकवून माझी चावी कातडीत रुतते का ते पाहिले. मग मला बाहीखाली सरकवले. आणि मग, मित्रांनो, ती चक्क पोटावर काउंटरवर चढली, खाली घसरली, पुन्हा चढली.

"बाई, घड्याळ घ्यायला आलीस की दुकानाचा ताबा घ्यायला?" दुकानदारीण म्हणाली.

"हा काउंटर नाही, वाकाचा काठ आहे असं समज," तेपाएरू धापा टाकत म्हणाली. "हे कुठंच अडकलं नाही. हेच दे."

वाका म्हणजे सहा जणींनी वल्हवायची लांब, अरुंद होडी. मोठ्या शर्यतीत बायका आळीपाळीने वल्हवतात. ताज्या दमाच्या तिघी सोबतच्या बोटीतून समुद्रात उड्या टाकून वाट बघतात. वाका जवळ आला की दमलेल्या तिघी एका बाजूने पाण्यात पडतात आणि या दुसऱ्या बाजूने काठ धरून आत चढतात. होडी कुणासाठी थांबत नाही.

आदल्या वर्षी तेपाएरूचा थोरला भाऊ तामारुआ ऑकलंडहून विमानाने शर्यत बघायला आला होता. येताना बहिणीसाठी भलेमोठे घड्याळ घेऊन आला. देणारा किनाऱ्यावर उभा असताना त्याने दिलेली वस्तू अंगावर न घालणे या लोकांत बसत नाही. तिने घातले. आत चढताना ते, लाटांचे पाणी आत येऊ नये म्हणून होडीवर ताणलेल्या कापडाच्या दोरीत अडकले, ती काठाला लोंबकळत राहिली, आणि हाताशी आलेली शर्यत गेली. गावाने तिला बोल लावला नाही. भावाला तर कुणी काही कळूच दिले नाही. वर्षभर ती मात्र मान खाली घालून चर्चला जात राहिली.

"यंदा घड्याळ नाही," संघाला शिकवणारे म्हातारे तेआरिकी म्हणाले; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना पापा म्हणत. "सगळ्यांची मनगटं उघडी."

"मग बदलायची वेळ कोण सांगणार?" तेपाएरूने विचारले. होडीत हाका द्यायचे काम तिचेच होते.

"मी बोटीतून ओरडेन."

"पापा, वाऱ्यात तुमचा आवाज पोचत नाही. फक्त जेवायला हाक मारता, तेवढी बरोबर ऐकू येते."

बायका हसल्या. पापाही हसले, पण त्यांचे दुधाने तोंड पोळलेले होते. शेवटी म्हणाले, "घाल. पण सरावात एकदा जरी अडकलं, तर तुझी जागा दुसरीला."

पुढचे महिने मी सुखात काढले असे वाटते का तुम्हाला? सकाळी अळूच्या खाचरात कोपरभर चिखल, दुपारी नारळ खवणे, संध्याकाळी खारे पाणी. रविवारी तेवढे पांढऱ्या झग्याच्या बाहीखाली बसून भजने ऐकायची. ती होडीत किती वेळा चढली त्याची गणतीच नाही. मी एकदाही अडकलो नाही.

शर्यतीच्या सकाळी तामारुआ किनाऱ्यावर हजर. हातात नवी डबी.

"मागचं जुनं झालं असेल," तो म्हणाला. "हे बघ, त्याच्यापेक्षा मोठं आहे."

तेपाएरूची बोटे माझ्या पट्ट्यावर आली. मी घाबरलो, खोटे कशाला सांगू? पट्टा सुटला असता तर तिची सगळी मेहनत मातीला मिळाली असती. पापा तेआरिकी समुद्राकडे बघत उभे राहिले. बहीण-भावाच्या मध्ये पडायची त्यांची रीत नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "गेल्या वर्षी तुझंच घड्याळ दोरीत अडकलं होतं. म्हणून हरलो आम्ही."

"मला कुणी बोललं नाही ते."

"कोण बोलणार? तू एवढ्या लांबून मायेनं आणलेलं. हे मी रविवारी घालीन. आज नाही."

त्याने डबी मिटली आणि तो गर्दीत गेला. तिचे डोळे भरून आले. पट्टा मात्र तिने आणखी घट्ट केला.

बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याबाहेर लाटा उंच होत्या. ती माझ्याकडे नजर टाकायची आणि हाक द्यायची, "चला, बदला." शेवटच्या बदलाच्या वेळी ती स्वतःच पाण्यात वाट बघत होती. आवारुआचा वाका पुढे होता. आमची होडी जवळ आली. तिने काठ धरून अंग वर झोकले. मी फळीवरून सरकलो, कापडावरून सरकलो, त्या दोरीवरूनही सरकलो, आणि ती आत बसून वल्हे मारू लागली. आवारुआची एक बाई अजून काठाशी झटापट करत होती. आम्ही त्यांना मागे टाकले ते कायमचे. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण कुणी मला बघूनच केली असावी.

किनाऱ्यावर नगारे वाजत होते. बायकांच्या गळ्यात हनुवटीपर्यंत फुलांच्या माळा चढल्या. तेपाएरू मान ताठ ठेवून रडत होती.

"पुढच्या वर्षी सगळ्यांना असलीच घड्याळं," पापा म्हणाले. "आणि मलाही एक."

गर्दीतून तामारुआ आला. त्याच्या हातात पिण्याच्या पाण्याची बाटली होती. तेपाएरूने हात पुढे केला, तर त्याने तिचे मनगट धरले, पाणी माझ्यावर ओतले आणि पट्ट्याखालचे मीठ अंगठ्याने चोळून काढले.

"अरे, मला तहान लागलीय."

"थांब जरा. आधी याला धुऊ दे. माझ्या घड्याळानं तुला बुडवलं, यानं तारलं."

मित्रांनो, वस्तू निवडताना ती दुकानात कशी चमकते ते बघू नका, तुमच्या रोजच्या कामात ती कुठे अडते ते बघा. आणि एकदा निवडलीत की मजबूत आहे म्हणून तिला विसरू नका. मीठ मजबूत वस्तूलाही खाते. दिवस संपला की ओंजळभर गोडे पाणी पुरते आम्हाला, त्याहून जास्त आम्ही काही मागत नाही.

बाटलीत थोडेच पाणी उरले होते. ते दोघा भावंडांनी वाटून प्यायले.