अंतरपाटावरची संख्या

रणोजीराव कानडी मुलखातल्या कडकोळच्या कारखान्यात फिटर. पण घराणं कापड छापणाऱ्या रंगाऱ्यांचं, त्यामुळे ठसे कोरायच्या छिन्न्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. मुलीचं लग्न ठरलं तसा त्यांनी हट्टच धरला. "पावनी, अंतरपाट मी छापणार. मोर काढू की स्वस्तिक?"

"७३९३९१३३," पावनी म्हणाली.

गणितात एम.एस्सी. केलेली पोर. रणोजीरावांना वाटलं, ही कुणाचा तरी फोन नंबर सांगतेय. मग तिनं कागदावर आकडे लिहिले. "इल्ली नोडी, इकडं बघा, अप्पा. ही मूळ संख्या. एक नि ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात नाही. आता शेवटचा तीन झाका. उरलेली पण मूळ. आणखी एक झाका, ती पण. असं एकटा सात उरेपर्यंत! आणि असली संख्या हिच्याहून मोठी नाहीच."

"सगळ्या जगात नाही?"

"हौदु, खरंच! अनुरागची नि माझी ओळखच हिच्यावरून झाली."

रणोजीरावांनी सागवानात आकडे उलटे कोरले, म्हणजे कापडावर सुलटे उठतील. छाप झकास उठला. पण लग्नाच्या सकाळी दोरीवरचा अंतरपाट त्यांनी मागून बघितला नि कपाळाला हात लावला. रंग पातळ, मलमल त्याहून पातळ; आकडे आरपार उतरले होते. नवरदेवाच्या बाजूनं सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसणार: ३३१९३९३७! दुसरं कापड छापायला वेळ नव्हता. त्यांनी कापड गुपचूप घडी करून भटजींच्या हाती दिलं.

हिनकलच्या कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली. रणोजीरावांची नजर जावयावरून हलेना. अनुराग कपाळाला आठ्या घालून अंतरपाटाकडे बघत होता नि त्याचे ओठ सारखे हलत होते.

"बघा, सगळी मंगलाष्टकं पाठ आहेत त्याला," त्याची आई जयवंतीबाई कौतुकानं कुजबुजल्या. रणोजीरावांना दरदरून घाम फुटला.

अंतरपाट दूर झाला. अनुराग हार हातात धरून तसाच उभा.

"पावनी, माझ्या बाजूनं सातानं भाग जातो!"

"छे!" पावनीनं डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं नि ओरडली, "अय्यो, जातो की!"

"सप्तपदीला अजून अवकाश आहे," भटजी करवादले. "आधी हार घाला!"

सगळं कार्यालय हसलं. रणोजीरावांचा जीव भांड्यात पडला, पण आता त्यांनाच चैन पडेना. पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी सारात बोट बुडवलं नि केळीच्या पानाच्या कडेला भागाकार मांडला. भात गार होत गेला.

"बाकी शून्य!" दोन्ही हात वर करून ते ओरडले.

वाढप्याला वाटलं, मामा पुरे म्हणतायत. तो चिरोट्यांची परात घेऊन पुढं निघाला, तेव्हा त्याला हाका मारून रणोजीरावांनी परत बोलावलं नि एकदम दोन वाढून घेतले.