उलट्या घंटेचं झाड

आसगावात वच्छलाच्या अंगणात आफ्रिकन ट्युलिपचं झाड होतं. लेक प्रतीक्षा तापाने गेली, तेव्हा बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी नवऱ्याने, गुलाबने, ते लावलं. रोप पवनीच्या कॉलेजातलं. पोरगी तिथेच वनस्पतिशास्त्र शिकत होती.

ती असताना, सुट्टीत आली की कॉलेजातल्या त्या झाडाचं फूल आणून आईची शिकवणी घ्यायची. "स्पॅथोडिया कॅम्पॅन्युलाटा म्हण, आई. ग्रीक भाषेत पात्याले स्पॅथे म्हणतात. फुलाखालचं आवरण पात्यासारखं वाकडं, म्हणून थे नाव. अन् कॅम्पॅन्युलाटा म्हणजे घंटेसारखं. पण या घंटेचं तोंड आभाळाकडं. वाजन कशी?"

वच्छलाला ती वाजताना ऐकू यायची. झाड फुललं की भर दुपारी, भांडी घासता घासता. सांगणार कुणाला? बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. तिथे भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती. तरी ती चोरून झाडाखाली वाटीभर भात ठेवायची, आणि आईची चोरी ती किती दिवस लपणार!

"हे काय करून राहिली तू?" गुलाबने एकदा वाटी पाहिलीच. "आपल्या बुढ्या बापानं पिंडदान सोडलं, अन् तू?"

"पिंड नाई जी. भूक लागली असन तिले."

दुसऱ्या दिवशी गुलाबने कुऱ्हाड काढली. फांद्या ठिसूळ आहेत, छपराच्या कवेलूवर पडतीन, असं शेजाऱ्यांना सांगितलं. वच्छला खोडाला मिठी मारून बसली. "पोरीले दुसऱ्यांदा नेऊन राहिले तुमी!" शेजारणींनी तिला ओढून घरात नेलं. झाड पडलं. त्यानंतर तिला काहीच ऐकू येईना, आणि ते तिला घंटेपेक्षा भयंकर वाटलं.

पावसाळ्यात अंगणभर कोंब फुटले. मुळं जिवंतच होती. गुलाब दात खाऊन एकेक उपटायचा. एका सकाळी कोंब घरात निघाला, सारवण फोडून, प्रतीक्षाची खाट असायची तिथेच. गुलाब खणायला लोखंडी सब्बल घेऊन आत आला. वच्छलाने भिंतीकडे तोंड फिरवून डोळे गच्च मिटले.

घाव काही ऐकू आला नाही. तिने भीत भीत वळून पाहिलं. लेक गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस उकिडवा बसला होता, कोंबावरची माती बोटाने पुसत.

"कोठं होती माय इतके दिवस?" तो कोंबाला विचारत होता.