तळवे कुणीकडे

लाँड्रीच्या वरच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला वर्ग भरायचा. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. ज्यांना उभं राहवायचं ते खुर्चीमागे उभे राहत, बाकीचे बसून करत, आणि एकीने तर वर्षभर नुसते डोळे मिटून श्वासच मोजले होते. थोडी योगासनं, थोडं ची-गाँग, म्हणजे श्वासाच्या तालावर हात सावकाश फिरवायची रीत, आणि शेवटी दहा मिनिटं गप्प बसणं. नियम एकच: जमेल तेवढं. खालच्या यंत्रांची घरघर जिन्याने वर यायची आणि तिच्यावर वर्ग घेणाऱ्या ताईंचा आवाज तरंगायचा. हात सैल, खांदे सैल, श्वास येईल तसा येऊ दे, जाईल तसा जाऊ दे.

मग ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जाताना आवाज घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कुजबुज राहील, तेवढ्यावर भागवा.

दोन महिन्यांनी वर्ग पुन्हा सुरू करायचा ठरला. बघणाऱ्यांचं काही अडत नव्हतं, ताईंचे हात बघून त्यांना करता आलं असतं. अडत होतं ते खिडकीजवळच्या एका खुर्चीपाशी. तिथे ऑपरेटरबाई बसायच्या. तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डापुढे बसून त्यांनी गावभरची माणसं एकमेकांना जोडून दिली होती. निवृत्तीनंतर डोळे गेले आणि त्या इथे यायला लागल्या. ताईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आठ वर्षं ऐकलं होतं.

त्यांना येऊ नका म्हणून सांगायचं होतं. चिठ्ठीवर भागणार नव्हतं. रविवारपासून ताई ते वाक्य मनात घासूनपुसून ठेवत होत्या.

मंगळवारी बेकरीवाले काका पहिले आले, दुखरा गुडघा सांभाळत. "काय ताई, बऱ्या आहात ना? नाही, बोलू नका. मीच दोघांचं बोलतो."

"एरवी तरी दुसरं काय करता?" मागून जिना चढत वर्गातल्या नणंद-भावजयींपैकी नणंद म्हणाली. तिच्यामागे भावजय होती. दोघी जोडीने यायच्या. गुडघे दोघींचे दुखायचे, कुरकुर एकीचीच ऐकू यायची.

ऑपरेटरबाई काठी टेकत खिडकीजवळ जाऊन बसल्या. ताई त्यांच्या कानाशी वाकल्या. "तुम्हाला दिसायचं नाही, माझा आवाज तिथवर पोचायचा नाही. उगाच हाल होतील. काही दिवस नाही आलात तर..."

"काही दिवस म्हणजे कायमचंच ना?" ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आम्हीही असंच सांगायचो. लाइन बिझी आहे, थोड्या वेळाने करा."

ताई वाकलेल्याच राहिल्या.

"घरी मला चार भिंती आहेत आणि एक रेडिओ आहे. बातम्या ऐकत हात वर करायचे का? तुमचं बोलणं मला पाठ आहे, ताई. तुम्ही दाखवा, मी बोलते. नाही जमलं तर शुक्रवारी येत नाही."

ताईंनी मान हलवली. मग मान हलवून उपयोग नाही हे लक्षात आलं आणि त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाय जमिनीला टेकू देत," ऑपरेटरबाईंनी सुरुवात केली. आवाज बोर्डावरचा, ना मोठा ना लहान, घरघरीतून वाट काढणारा. हात सैल, खांदे सैल. शब्द ताईंचे, थांबेही ताईंचे. चौथ्या श्वासानंतर ताई खाकरायच्या, तिथे बाई खाकरल्यासुद्धा. भावजय फिस्सकन हसली. ताईंना मात्र आठवलं की ते खाकरणं गेल्या दोन वर्षांतलं. गाठीचंच होतं ते.

"आता दोन्ही हात छातीपासून खाली. श्वासाला पोटापर्यंत पोचवून या."

"तळवे कुणीकडे?" काकांनी विचारलं. ते डोळे मिटून करत होते.

"वर," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "भरलेलं ताट धरल्यासारखे."

ताईंचे तळवे जमिनीकडे होते. नणंदेने ताईंकडे पाहिलं, ऑपरेटरबाईंकडे पाहिलं आणि तळवे वर केले. भावजयीने नणंदेचं पाहून केले. काकांनी एक डोळा उघडला आणि एक तळवा वर, एक खाली असे ते मधेच अडकले.

बाईंचे तळवे उलटे आहेत हे ताईंना पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. जमेल तेवढं, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. नणंदेचा खांदा धरून त्यांनी दाखवलं होतं, काकांचा गुडघाही. खिडकीपर्यंतची चार पावलं तेवढी टाकली नव्हती, आणि त्यालाच त्या मोठेपणा समजत आल्या होत्या. आता सांगावं तर बाई उठून जातील. न सांगावं तर सगळा वर्ग उलटा शिकेल.

त्या चार पावलं चालल्या. बाईंची मनगटं धरली आणि हात सावकाश पालथे केले.

खाली एक यंत्र थांबलं.

"आठ वर्षं?" ऑपरेटरबाईंनी हळू विचारलं.

"राहून गेलं," ताई कुजबुजल्या.

"राहून गेलं." बाईंनी शब्द चाचपून पाहिला. मनगटं सोडवून घेतली नाहीत. मग मान वर करून म्हणाल्या, "मंडळी, राँग नंबर लागला होता. तळवे खाली."

"ताट सांडेल की," काका म्हणाले.

"सांडू दे. सगळं सांडायचंच असतं इथे."

शुक्रवारी साडेनऊलाच ऑपरेटरबाई हजर होत्या. काठी भिंतीला लावून हात पुढे केले. "दाखवा, आणखी काय काय राहून गेलंय."

ताई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि आपले हात त्यांच्या हातांखाली धरून फिरवू लागल्या. ची-गाँगच्या अठरा प्रकारांपैकी सात वेगळेच निघाले. एकात बाई उडत्या पक्ष्याऐवजी पंखा फिरवत होत्या. त्यावर दोघी हसल्या. एकीच्या हसण्याला आवाज होता.

दहा वाजत आले, जिन्यावर काकांची पावलं वाजली. ताई कानाशी वाकल्या. "खाकरणं तेवढं वगळा."

"लोकांना चुकल्यासारखं वाटेल."

"वाटू दे."

वर्ग सुरू झाला. हात सैल, खांदे सैल. चौथ्या श्वासानंतर ऑपरेटरबाई थांबल्या, ताई थांबायच्या तेवढ्याच, आणि तिथे फक्त यंत्रांची घरघर ऐकू आली.