चौलातली पहिली ट्यूब

बाळाजी म्हात्रे मुंबईला गिरणीत टाइमकीपर होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपण्यात गेला आणि निवृत्त होऊन चौलला परतल्यावर स्वतःच्या वेळेचं काय करायचं ते त्यांना कळेना. नारळी-पोफळीची वाडी नीराबाईंनी केव्हाच ताब्यात घेतली होती, आणि तिथे नवऱ्याचा सल्ला कोणी विचारत नव्हतं. तेव्हा बाळाजींनी घरातल्या वस्तू सुधारायला घेतल्या. विहिरीचा रहाट सुधारला, तो बसला तो उठलाच नाही. भिंतीवरचं घड्याळ सुधारलं, ते सकाळीच संध्याकाळ दाखवू लागलं. तेवढ्यात गावात वीज आली आणि बाळाजींची नजर ओटीवरच्या झुंबराकडे गेली.

झुंबर नीराबाईंच्या माहेरचं. पितळेचं, चहूबाजूंनी वळणदार फांद्या आणि प्रत्येक फांदीला तेलाच्या दिव्यासाठी काचेची पेली.

"ह्याला ट्यूब लावतो," बाळाजी म्हणाले.

"ते गोल हाय, तुमची ट्यूब लांब. बसायची कशी?"

"त्यातच तर गंमत आहे!"

मुंबईहून त्यांनी दोन ट्यूबा, चोक आणि स्टार्टर आणले. लाँचमध्ये ट्यूबा धोतरात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. रेवसला एस.टी.त बसल्यावर त्या फुटतील म्हणून शेजारच्या जागेवर निजवल्या. रेवदंड्याची एक म्हातारी कोळीण टोपली सांभाळत चौलापर्यंत उभी राहिली, पण ट्यूबा बसून आल्या.

मग करवत चालली. फांद्या आड येत होत्या म्हणून कापल्या. उरलेल्या दांड्याला दोन्ही ट्यूबा फुलीसारख्या बांधल्या, चोक सुतळीने लटकवला. नीराबाईंनी खालून वर एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "दाराशी तिरडी बांधल्यागत दिसतंय." आणि कापलेलं पितळ पदरात गोळा करून त्या आत गेल्या.

उद्घाटनाला सरपंच धर्माजी आले. ओटी माणसांनी भरली. बाळाजींनी बटण दाबलं. ट्यूबांची टोकं तांबडी झाली, मधे थोडं फडफडलं आणि पुन्हा काळोख. पुन्हा फडफडलं. लहान पोरं हसू लागली.

"करंट कमी पडतोय," बाळाजी घाम पुसत म्हणाले. "आळीतले बाकीचे दिवे मालवले तर पेटेल."

पंचायतीचा शिपाई मोरू धावत सुटला. घरोघरचे दिवे विझले. शेजारच्या चंद्राबाईंनी कालवणात मीठ टाकलं होतं की नाही ते त्यांना आठवेना म्हणून अंधारात पुन्हा टाकलं. सगळी आळी काळीठिक्कर झाली, तेव्हा कुठे ट्यूबा गुणगुणल्या आणि भक्कन पेटल्या. पांढऱ्याफेक उजेडात सरपंचांच्या मिशीचा कलप जांभळा दिसला. तरी ते उभे राहिले आणि अंधारातून प्रकाशाकडे चाललेल्या आपल्या गावाबद्दल बराच वेळ बोलले. टाळ्या झाल्या. बाळाजींचा ऊर भरून आला. गिरणीत त्यांच्यासाठी कधी कोणी टाळी वाजवली नव्हती.

मग तो नेमच पडला. दिवेलागण झाली की आळी आपले दिवे मालवायची आणि तांदूळ निवडायला, सुपारी सोलायला बाळाजींच्या ओटीवर यायची. बाळाजी ट्यूबेच्या पोटातल्या वायूबद्दल रोज नवी माहिती सांगत, आणि नीराबाई रोज चहाचं नवं आधण ठेवत.

एके संध्याकाळी मात्र ट्यूबा पुन्हा फडफडू लागल्या. बाळाजींनी बाहेर येऊन पाहिलं तर चंद्राबाईंच्या पडवीत बल्ब लागलेला.

"चंद्रावहिनी, दिवा लावलात?"

"व्हय. बोंबील साफ करतंय."

"ओटीवर या की! सगळ्यांसाठीच आहे ट्यूब."

"भावोजी, तुमच्या ओटीवर बोंबील चालतील?" चंद्राबाईंनी मान वर केली नाही. "मीटर माझा, बल्ब माझा. तुमची नळी पेटायला मी काळोखात बोट कापून घेऊ व्हय?"

बाळाजींना हा प्रगतीचा अपमान वाटला. त्यांनी पंचायतीत अर्ज केला. ठरावाचा मसुदाही आपणच लिहिला, कारण असली भाषा गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हती: गावातील नळीदिव्याच्या सोयीसाठी इतर रहिवाशांनी सायंकाळी दिवे मालवून सहकार्य करावे. ठराव एकमताने मंजूर झाला. सरपंचांनी तर बाळाजींची पाठच थोपटली.

पुढच्या महिन्यात सरपंचांच्या दिवाणखान्यात चार ट्यूबा लागल्या.

त्याच संध्याकाळी मोरू बाळाजींच्या दारात उभा. "बाळाजीशेठ, सरपंचांकडं मामलेदार जेवायला आल्यात. ट्यूब मालवा."

"अरे, पण ठराव माझ्यासाठी…"

"ठरावात तुमचं नाव न्हाय. वाचून बघितलं सरपंचांनी."

बाळाजींनी बटण वर केलं. ओटीवरची माणसं उठली आणि सुपाऱ्या घेऊन सरपंचांच्या घराकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशी मोरूला यावंही लागलं नाही. नीराबाईंनी कंदील पुसून ठेवला होता. तो खुंटीला टांगून त्या म्हणाल्या, "आज कोणाचा च्या न्हाय. लवकर निजते."

बाळाजी वर्तमानपत्र हातात घेऊन ओटीवर बसून राहिले. कंदिलात मथळेच काय ते दिसत होते. शेजारी चंद्राबाईंचा बल्ब मात्र पिवळा, मिणमिणता, पण लागलेला होता. बराच वेळ चुळबुळ करून ते शेवटी उठले आणि चंद्राबाईंच्या पडवीच्या पायरीशी जाऊन खाकरले.

"या भावोजी," चंद्राबाई म्हणाल्या. "बसा. पण कशाला हात लावू नका. सुधारू नका काय."

बाळाजी बल्बाखाली बसले आणि पेपर उलगडला. घटकाभराने मोरू धापा टाकत अंगणात आला. "चंद्राकाकी, दिवा मालवा! सरपंचांकडं मामलेदार पुन्हा जेवायला आल्यात, नुसतं फडफडतंय!"

"मामलेदाराला सांग, डोळे मिटून जेव म्हणावं," चंद्राबाई म्हणाल्या.

मोरूने मदतीच्या आशेने बाळाजींकडे पाहिलं. ठरावाची भाषा त्यांना पाठ होती. बाळाजींनी पेपर जरा आणखी वर धरला आणि पान उलटलं.