दोनशे चौदा नावांचं पान

विजयदुर्गच्या संचिता तारीने शाळेच्या शंभरीची स्मरणिका अंगावर घेतली, तेव्हा गावाला वाटलं पोरगी टायपिंग करणार. ती टायपिंग कमी आणि भांडणं जास्त करत होती, तीही जुन्या छापखान्यातल्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांवरून 'खिळेकरी' नाव घेतलेल्या ग्रुपवर. तिथली साठ-एक माणसं लाटेक या फुकटच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकांची पानं जुळवतात आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी दोन-दोन दिवस हमरीतुमरीवर येतात. तोंडं कोणी कोणाची पाहिलेली नाहीत; खोडी मात्र सगळ्यांना सगळ्यांच्या पाठ.

संचिताचं घोडं एका पानावर अडलं होतं. शाळा बांधताना गावातल्या दोनशे चौदा बायकांनी बंदरापासून टेकाडापर्यंत डोक्यावरून चिरे वाहिले होते. पहिल्या मास्तरांच्या वहीत ती सगळी नावं सापडली. शाळेच्या पाटीवर मात्र आजवर पाच पुरुष, आणि त्यांतल्या एकानेही चिरा उचलल्याची नोंद नाही. संचिताला दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नावं छापून हवी होती. पण चार रकाने केले की लांब नाव शेजारणीच्या अंगावर चढायचं.

ग्रुपचा दंडक असा, की रडगाणं सांगायचं नाही; बिघाड दिसेल एवढीच फाईल छाटून आणायची. संचिताने दोनशे अकरा बायका छाटल्या, तीन ठेवल्या; त्यांत एक नर्मदा.

"ह्या नर्मदेक कोणी ढकलल्यान?" बांद्याच्या कौस्तुभने लिहिलं. तो गणिताचा मास्तर, म्हणजे चुका काढायला पगारी.

"आडनाव लांब आसा. तिचो काय दोष?" नांदगावची जानकीताई. तीस वर्षं प्रुफं तपासलेली.

"दोष संचिताचो. सगळ्यांका सारखीच जागा वाटल्यान. रेशन आसा काय? रकान्याची रुंदी नावांकच ठरवूंदे," कौस्तुभ.

तसं केलं आणि तिघी गुण्यागोविंदाने नांदल्या. त्या खुशीत संचिताने पान समितीला धाडलं. धाडली ती छाटलेलीच फाईल.

दहा मिनिटांत अध्यक्ष सुदेशकाकांचा फोन. हा माणूस कौतुक तोलून करायचा, आज मापं विसरला.

"बरां केलंस गो. तीनच नावां, प्रातिनिधिक. सभा चालूच होती, मंजूर झाली पण."

"काका, चुकीची फाईल गेली. दोनशे चौदा आसत."

"ऱ्हवूंदे आता. अठ्ठेचाळीस पानां आसत, उद्या छापूक जातली. इतक्यांका जागा खंय आसा?"

"मग उद्या माझ्याकडसून काय जावचां नाय," म्हणून तिने फोन ठेवला.

ग्रुपवर तिने लिहिलं, "चूक माझी. आता ते तीनच छापतहत." पाच मिनिटं कोणी टोमणा मारला नाही, एवढं प्रकरण गंभीर. मग कौस्तुभने वहीचे फोटो मागवून सगळ्यांना चार-चार नावं ताडायला वाटली. जानकीताईने पूर्ण स्मरणिका चाळली आणि विचारलं, "अध्यक्षांचां मनोगत दोन पानां कशी?"

"अक्षर मोठां आसा. तेंनीच सांगल्यानी."

"बाकीच्यांच्या अक्षरात बसव बघू."

बसवलं. एक शब्द न कापता एकच पान झालं; सुटलेल्या पानावर दोनशे चौदा जणी बसल्या.

त्याच संध्याकाळी संचिता प्रिंटरवर काढलेली नमुना-प्रत घेऊन काकांच्या ओटीवर हजर. काकांनी पानं मोजली. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजली.

"माझां मनोगत बारीक दिसता."

"सगळ्यांइतक्याच आसा. बायकांचां अक्षरय तुमच्याइतक्याच. पट्टी लावा."

काकांनी खरंच पट्टी आणून लावली. मग बोट चारी रकान्यांवरून फिरवलं, एकदा, दोनदा.

"आमच्या आजयेचां नाव खंय? पार्वती."

"वहीत नाय."

"चौथ्या रकान्यात खाली जागा आसा. एक घालूक काय जाता?"

"जागा आसा, काका. चिरो नाय," संचिता म्हणाली आणि मंजुरीचा कागद तिने पुढे सरकवला. "सही करा. नायतर हां पान मी घराघरात वाटतलंय."

काकांनी पेन शोधल्यासारखे खिसे चाचपले. तेवढ्यात माजघरातून काकींनी विचारलं, "माझ्या आजयेचां आसा गो? नर्मदा?"

"आसा, काकी. तिसऱ्या रकान्यात, आठवां."

काकी हात पुसत बाहेर आल्या, चष्मा लावला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"पेन मिळना नाय काय तुमका?"